तिवरे : शेवटचे वीस तास

2 जुलै 2019, पहाटे 2 च्या सुमारास. मुंबईत मालाडला जलाशयाची संरक्षक भिंत झोपड्यांवर कोसळली. साऱ्या राज्याचे डोळे तिकडे लागले, आणि ते साहजिकच होतं.

सकाळी 8.30. सांताक्रूझला गेल्या चोवीस तासांत 375 मिलिमीटर पाऊस. मुंबईला सुट्टी जाहीर झाली होती. कोकणातही धो धो कोसळत होता. चिपळूण तालुक्यात, सह्याद्रीच्या कुशीत तिवरे गाव. तिथलं धरण मातीचं, सुमारे 24 लाख घनमीटर पाण्याचं. भिंतीच्या खालच्या अंगाला भेंदवाडी.

दुपार. पाऊस थांबेना, पाणी चढत होतं. पण या धरणाचं घड्याळ त्या दिवशी सुरू झालं नव्हतं. भिंतीला गळती होती, ग्रामस्थांनी ती कळवली होती, पावसाळ्याआधी डागडुजी झाल्याचंही सांगितलं गेलं. मातीच्या धरणातून थोडं पाणी पाझरतंच. बघायचं असतं ते त्या पाण्याचं रूप. झिरपा पेल्यात धरावा आणि घटकाभर ठेवावा. नितळ राहिला तर ठीक. तळाशी गाळ बसला तर भिंत आतून वाहून चालली आहे. पाणी कण कण माती नेतं, बारीक वाट पडते, वाट रुंदावते तसा पाण्याला जोर येतो, आणि मग वरची माती खचते. हे ओळखायला मोठं यंत्र लागत नाही. रोज बांधावर फिरणारा माणूस लागतो, आणि त्याचं ऐकून धरण वेळेत रिकामं करणारा अधिकारी.

संध्याकाळ. त्या रात्री अमावास्या होती. पाऊस आणि मिट्ट काळोख. दारातून भिंत दिसण्याची सोयच नव्हती. गळतीची खबर खालून वर गेली होती, पण घरं सोडा, एवढा निरोप वरून खाली आला नाही. मला सगळ्यात जास्त सलतं ते हेच. टेकाडावर चढायला काही मिनिटं पुरली असती.

रात्री 9.30 च्या सुमारास. जेवणाखाण्याची वेळ. भिंत फुटली. भेंदवाडीतली डझनभर घरं माणसांसकट वाहून गेली. लोंढा खाली वाशिष्ठीकडे धावला, वाटेतल्या गावांत पाणी शिरलं.

3 जुलै, दिवस उजाडला. 23 जण बेपत्ता. एनडीआरएफची पथकं नदीकाठाने शोध घेत होती.

पुढे दोनच दिवसांत जलसंधारणमंत्री तानाजी सावंत यांनी खेकड्यांनी धरण पोखरल्याचं सांगितलं. खेकडे बिळं करतात, हे कोकणात पोराटोरांनाही ठाऊक आहे. म्हणून तर बांधावर रोज फिरायचं असतं. ते विधान झालं तेव्हा वाशिष्ठीच्या काठाने शोध अजून चालूच होता.