दोनशे मीटर

काशीत नावेतून घाट पाहणाऱ्या मराठी माणसाला नावाडी त्याच्याच घरची नावे ऐकवू लागतो: सिंदिया घाट, भोसले घाट, अहिल्याबाई घाट. दशाश्वमेधाच्या दक्षिणेला अहिल्याबाई घाट ओलांडला की पुढे चुनारच्या दगडात बांधलेला, बुरुजांचा आणि उंच खांबांचा एक भव्य वाडा येतो. नागपूरकर भोसल्यांच्या पदरी असलेले मंत्री श्रीधर नारायण मुन्शी यांनी तो १८१२ साली बांधला. त्यांच्या नावावरून घाट मुन्शी घाट झाला. १९१५ साली दरभंग्याचे महाराज रामेश्वर सिंह यांनी वाडा विकत घेतला आणि घाटाच्या दक्षिण भागाला दरभंगा घाट हे नाव पडले. १९९४ मध्ये तो एका हॉटेल व्यवसाय समूहाकडे गेला. आज त्यावर ब्रिजरामा पॅलेस अशी पाटी आहे.

वाड्याचे हॉटेल होणे ही आपल्या देशात नवलाची गोष्ट नाही. राजस्थानात तर तो एक प्रस्थापित उद्योगच आहे. मला कुतूहल आहे ते निराळ्या बाबीचे. ज्या स्थानिकांना घाटावर हॉटेले नको होती, त्यांच्या हातात विरोधासाठी नेमका कोणता कायदेशीर कागद होता, आणि त्या कागदाने काय साधले?

कागद होता दोनशे मीटरच्या नियमाचा. वाराणसीत गंगेच्या काठापासून दोनशे मीटरच्या आत नवे बांधकाम करू नये, जुन्या इमारतींची दुरुस्ती मात्र करता यावी, असे बंधन २००० साली घालण्यात आले. हेतू उत्तमच होता. घाटांची रांग सुमारे साडेसहा किलोमीटर धरली, तर हा पट्टा सुमारे १३० हेक्टरांचा होतो. ऐकायला तो लहान वाटतो. परंतु काशीचा सर्वांत जुना आणि सर्वांत दाट वस्तीचा भाग, ज्याला तेथे पक्का महाल म्हणतात, तो बहुतांशी ह्यातच येतो. दुर्गाघाट, ब्रह्माघाट, पंचगंगा ह्या परिसरातील जुनी मराठी घरेही ह्यातच आली.

नियम कागदावर आला तरी घाटांवर मजले चढतच राहिले. कोणी गच्चीवर दोन खोल्या काढल्या, कोणी गेस्ट हाउसची पाटी लावली. अखेर वारसा जपू पाहणाऱ्या स्थानिकांनी २००० च्या दशकाच्या मध्यात अलाहाबाद उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. कौटिल्य सोसायटी ही संस्था त्यात पुढे होती. न्यायालयाच्या आदेशांनंतर विकास प्राधिकरणाला याद्या कराव्या लागल्या, नोटिसा द्याव्या लागल्या. ज्या खात्याने बांधकामे रोखायची, त्यालाच ती का रोखली गेली नाहीत हे न्यायालयापुढे सांगावे लागले. प्रशासनात काम केलेल्या कोणालाही हा प्रसंग परका वाटणार नाही.

ह्या नियमाची रचना जरा निरखून पाहावी. तो एकच प्रश्न विचारतो: बांधकाम नवे आहे की जुन्याची दुरुस्ती? इमारतीत उद्यापासून कोण राहणार, तिचा उपयोग कशासाठी होणार, गल्लीतल्या माणसाला त्याचा काय उपसर्ग होणार, हे प्रश्न त्याच्या कक्षेबाहेर राहतात. ज्याच्याकडे वास्तुविशारद आहे, वकील आहे, दुरुस्तीचा तपशीलवार आराखडा आहे आणि वर्षानुवर्षे थांबण्याइतके भांडवल आहे, त्याला ‘दुरुस्ती’ ह्या शब्दात पुष्कळ जागा मिळते. ज्याचे घर तीन भावांच्या नावावर आहे, आजोबांच्या नावाची नोंद अजून उतरलेली नाही आणि पावसाळ्यात ज्याची माडी गळते, त्याला त्याच शब्दासाठी कार्यालयाच्या चकरा माराव्या लागतात. घाटालगतच्या अनेक रहिवाशांची तक्रार हीच राहिली आहे, की नियमाने हॉटेले थांबली नाहीत, आमचे छप्पर मात्र थांबले. ही तक्रार पूर्णांशाने खरी मानण्याचे कारण नाही. अनधिकृत मजले चढवणाऱ्यांत रहिवासीही होतेच. पण ती खोटीही नाही.

दरभंग्याच्या वाड्यावरही हरकती घेतल्या गेल्या. तरीही २०१० च्या दशकाच्या मध्यास तेथे पाहुणे येऊ लागले. दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. पडक्या अवस्थेत उभ्या राहणाऱ्या दगडी वाड्याची डागडुजी सरकारी खर्चाने झाली असती, असे मी तरी छातीठोकपणे सांगणार नाही. हॉटेलात मांस नाही, मद्य नाही. काशीच्या लोकमताची तेवढी दखल मालकांनी आपणहून घेतली.

ह्या मद्यावरून मला आठवते ते थेट शिकागो. आपल्यापैकी जे वाचक परदेशातील विद्यापीठांच्या गावी राहतात त्यांना ही कथा कदाचित ठाऊक असेल. शिकागो विद्यापीठाने २००६ साली हाइड पार्क भागातील एक बंद पडलेले इस्पितळ विकत घेतले. इलिनॉय सेंट्रल रेल्वेने आपल्या कामगारांसाठी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात बांधलेली ही इमारत. ती पाडून तेथे हॉटेल आणि परिषदगृह उभारायचे असा बेत ठरला. विद्यापीठाला परिषदा भरवायच्या असतात, पाहुण्यांची सोय लागते, हे सर्व यथायोग्यच. शेजाऱ्यांना मात्र ती जुनी इमारत पाडायला नको होती आणि वाहनांची गर्दीही नको होती. हॉटेल कामगारांच्या संघटनेचे स्वतःचे आक्षेप होते. नगररचनेच्या नियमांत शेजाऱ्यांना नकाराधिकार नव्हता. तेव्हा कोणाला तरी इलिनॉयचा जुना मद्यविषयक कायदा सापडला. त्यानुसार एखाद्या मतदान विभागातील मतदार बहुमताने आपल्या विभागात मद्यविक्री बंद करू शकतात. ४ नोव्हेंबर २००८ रोजी, ज्या दिवशी हाइड पार्कचेच रहिवासी बराक ओबामा अध्यक्षपदी निवडून आले, त्याच मतपत्रिकेवर हाही प्रश्न होता. थोड्याशा मताधिक्याने विभाग ‘कोरडा’ झाला. मद्याविना असले हॉटेल चालत नाही. बेत बारगळला.

महाराष्ट्रातील वाचकांना ‘उभी बाटली, आडवी बाटली’ आठवली असेल. गावातील वा प्रभागातील महिलांनी मतदान करून दारूचे दुकान बंद पाडण्याची ही आपली तरतूद. आपल्याकडे आडवी बाटली दारूविरुद्ध असते. हाइड पार्कमध्ये दारूशी कोणाचे वैर नव्हते, वैर होते हॉटेलशी. तरीही मला ही युक्ती केवळ हुशारीची वाटत नाही. मोजक्याच का होईना, परंतु तेथल्या रहिवाशांना ‘आम्हाला हवे की नको’ असे थेट विचारले गेले. काशीत न्यायालयात गेलेल्यांना हा प्रश्न मांडताच आला नाही. त्यांना सिद्ध करावे लागले ते मीटर आणि मजले. शिकागोची गोष्ट इमारतीच्या दृष्टीने मात्र सुखान्त नाही. ते इस्पितळ अखेर पाडलेच गेले आणि २०१३ पासून तेथे विद्यापीठाच्याच शाळेतील लहान मुलांचे वर्ग भरतात.

वाराणसीत मोठे परिषदगृह झाले तेही वादाविना. सिग्रा भागात, नदीपासून दूर, जपानच्या साहाय्याने उभारलेल्या ‘रुद्राक्ष’ केंद्राचे उद्घाटन १५ जुलै २०२१ रोजी झाले. तेथे सुमारे बाराशे लोक बसू शकतात. त्याच वर्षी १३ डिसेंबरला विश्वनाथ धामाचे लोकार्पण झाले. अहिल्याबाईंनी अठराव्या शतकात बांधवलेल्या मंदिरापासून गंगेपर्यंतचा हा परिसर तीनशेहून अधिक मिळकती विकत घेऊन मोकळा करण्यात आला. संग्रहालय, यात्रींच्या सोयी, खाद्यदालन अशा नव्या इमारती तेथे उभ्या राहिल्या, आणि त्याही दोनशे मीटरच्या आतच. २०१८ च्या सुमारास रहिवाशांनी आणि दुकानदारांनी विरोध केला होता. पुढे बहुतेकांनी मोबदला घेऊन जागा सोडली. शासन स्वतः बांधू लागले की पट्टी ताणली जाते, हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. माझ्या सेवाकाळात असे अनेकदा पाहिले आहे आणि तेव्हा त्यात सार्वजनिक हितही असते. गच्चीवर एक खोली काढल्याबद्दल ज्याला नोटीस आली होती, त्याला मात्र हे समजावून सांगणे अवघड असते.

आता काशीच्याच विद्यापीठाकडे वळू. कारण दरभंग्याचा वाडा आणि ते विद्यापीठ यांची गाठ एका माणसात पडते. महाराज रामेश्वर सिंह हे हिंदू विद्यापीठ संस्थेचे अध्यक्ष होते. पंडित मदनमोहन मालवीयांच्या बरोबरीने ते देणग्यांसाठी हिंडले. काशीनरेश प्रभुनारायण सिंह यांनी दिलेल्या सुमारे १३०० एकर भूमीवर ४ फेब्रुवारी १९१६ रोजी लॉर्ड हार्डिंग यांच्या हस्ते कोनशिला बसली. त्या भूमीचे वर्णन वर्षानुवर्षे अशा शब्दांत केले जाते: अकरा गावे, सत्तर हजार झाडे, शंभर पक्क्या आणि वीस कच्च्या विहिरी, चाळीस पक्की घरे, आठशेसाठ कच्ची घरे, एक मंदिर, एक धर्मशाळा. दानाचे मोठेपण सांगण्यासाठी ही यादी येते. महसूल खात्यात वावरलेल्या माणसाची नजर आठशेसाठ ह्या आकड्यावर थांबते. झाडे मोजली, विहिरी मोजल्या, घरेही मोजली. त्या घरांत किती माणसे होती, ह्याचा रकाना यादीत नाही.

कोनशिलेनंतर दोन दिवसांनी, ६ फेब्रुवारीला, गांधीजींचे ते प्रसिद्ध भाषण झाले. विश्वनाथाच्या गल्लीतील घाणीविषयी ते बोलले. दागिन्यांनी मढलेल्या संस्थानिकांना त्यांनी ते दागिने उतरवायला सांगितले. कोठे मोठा राजवाडा उभा राहिलेला ऐकला, की हा पैसा शेतकऱ्याच्या घरून आला असे आपल्या मनात येते, असेही म्हणाले. सभेत गोंधळ झाला आणि अध्यक्ष उठून गेले. थोड्याच आठवड्यांनी विनोबा काशीत शिकायला आले. त्यांनी वर्तमानपत्रात ह्या भाषणाचा वृत्तान्त वाचला आणि जूनमध्ये ते गांधीजींच्या आश्रमात दाखल झाले.

त्या सभेचे अध्यक्ष होते दरभंग्याचे महाराज रामेश्वर सिंह. मुन्शींचा घाटावरचा वाडा त्यांनी आदल्याच वर्षी विकत घेतला होता.