टिन : आरशाने ऊन आणणारा गाव

टिन ही नॉर्वेतील टेलेमार्कची एक ग्रामीण नगरपालिका. येथील गाउस्टाटोपेन शिखर १८८३ मीटर उंच. पायथ्याच्या खोल दरीतल्या रियुकान गावात वर्षातले सुमारे सहा महिने ऊनच पोचत नाही.

धबधब्याच्या पाण्यावर १९११ मध्ये वेमोर्क वीजकेंद्र सुरू झाले. शेजारचा जड पाण्याचा प्रकल्प जर्मनांच्या ताब्यात गेल्यावर १९४३ मध्ये नॉर्वेजियन सैनिकांनी तो उडवला.

गावकऱ्यांना ऊन मिळावे म्हणून १९२८ मध्ये रोपवे झाला. २०१३ मध्ये डोंगरावर तीन आरसे बसले आणि हिवाळ्यातही चौकात ऊन पडले!

टिनचाच दहा वर्षांचा मुलगा १८३७ मध्ये अमेरिकेला गेला. पुढे ‘स्नोशू थॉम्पसन’ म्हणून त्याने स्कीवरून सिएरा नेवाडा ओलांडत वीस हिवाळे टपाल पोचवले. गाव सुटले, पण गावची विद्या परदेशात कामी आली.