न चाखता केलेला स्वयंपाक

मी मालवणकडची. आमच्या घरात माशांशिवायचं जेवण म्हणजे एक तर सण, नाही तर कुणाचा तरी वार. मुंबईतल्या एका हॉटेल मॅनेजमेंट कॉलेजात मी निवृत्तीपर्यंत स्वयंपाक शिकवला. त्यामुळे शाकाहाऱ्यांची बाजू मी घ्यावी याचं ओळखीच्यांना नवल वाटतं. पण टीव्हीवरच्या स्वयंपाकाच्या स्पर्धांत शाकाहारी माणसाचं जे चित्र उभं केलं जातं, ते पाहून मला मनापासून वाईट वाटतं. त्या चित्राचं मूळ टीव्हीत नाही, माझ्याच धंद्यात आहे. म्हणून हे लिहिते आहे.

२०२३ च्या सुरुवातीला ‘मास्टरशेफ इंडिया’चा सातवा हंगाम चालू होता. विकास खन्ना, रणवीर ब्रार आणि गरिमा अरोरा परीक्षक होते. स्पर्धकांत अरुणा विजय ही जैन घरातली गृहिणी होती. एका फेरीत बाकीच्यांपुढे मासे आले आणि तिला पनीर दिलं गेलं. त्यावरून गदारोळ झाला. परीक्षक पक्षपाती आहेत, तिला पुढे काढायचं आधीच ठरलंय, मास्टरशेफ व्हायचं तर सगळं रांधता आलंच पाहिजे, असा सूर लागला. तिच्या वाटणात काय होतं, जैन स्वयंपाकात कांदा-लसूण-बटाट्यावाचून रस्सा दाट कसा करतात, याबद्दल मात्र त्या भांडणात फारसं कुणी बोललं नाही. एक बाई ‘सवलत मिळालेली शाकाहारी’ ठरली आणि तिची स्वयंपाकीण म्हणून असलेली ओळख त्याखाली दबून गेली.

हा प्रश्न आमच्या धंद्यात फार जुना आहे. मुंबईत वीर सावरकर मार्गावर जी सरकारी हॉटेल मॅनेजमेंट संस्था आहे, ती देशातली पहिली. १९५४ साली ती लीलावती मुन्शी यांच्या पुढाकारानं सुरू झाली. कन्हैयालाल मुन्शींच्या त्या पत्नी, स्वतः गुजराती लेखिका. अन्नटंचाईच्या त्या काळात तांदूळ-गव्हावाचून काय काय करता येईल हे लोकांना शिकवण्याची चळवळ त्या इतर बायकांना हाताशी धरून चालवत होत्या. म्हणजे आरंभ घरगुती, देशी काळजीतून झाला. पुढे या शिक्षणाचा जो साचा देशभर रुळला, तो मात्र फ्रेंच हॉटेलांच्या भटारखान्याचा होता. तिथे सॉस करणारा वेगळा, भाजणारा वेगळा, मासे करणारा वेगळा. मुख्य पदार्थ मांसाचा आणि भाजी त्याच्या कडेला. आमच्याकडे पहिल्याच वर्षी अख्ख्या कोंबडीचे आठ तुकडे करायला शिकवतात, त्यानंतर मासा काट्यावरून सोडवायला. चांगली कौशल्यं आहेत ती, मी आवडीनं शिकवली. पण वांगं किती प्रकारांनी चिरता येतं आणि प्रत्येक चिरेला ते वेगळं कसं शिजतं, यासाठी तेवढा वेळ कुणी राखून ठेवला नव्हता.

शाकाहारी मुलं या साच्यात आली की दोनच वाटा असायच्या. नाक दाबून करायचं, किंवा सोडून जायचं. २०१६ मध्ये अहमदाबाद, भोपाळ आणि जयपूरच्या सरकारी संस्थांनी फक्त शाकाहारी स्वयंपाकाचा पर्याय दिला, तेव्हा आमच्या शिक्षकांच्या खोलीत दोन तट पडले. मी पर्यायाच्या बाजूनं होते. त्यामागे एक मुलगा होता.

सोलापूर जिल्ह्यातला, शेतकऱ्याचा पोर, गळ्यात तुळशीची माळ. प्रॅक्टिकलला चिकन करी होती. त्यानं माळ शर्टाच्या आत सारली आणि कामाला लागला. मी मुद्दाम त्याच्या टेबलापाशी उभी राहिले. कांदा परतताना तो पातेल्यावर वाकून वास घेत होता. कच्चा उग्र वास जाऊन गोडसर वास यायला लागला, तेव्हाच त्यानं आलं-लसूण घातलं. मसाल्याला तेल सुटलं की बुडबुड्यांचा आवाज बदलतो, त्याकडे त्याचा कान होता. तंगडीचा सांधा चिमट्यानं हलवून मांस शिजलं का ते पाहिलं. मीठ त्यानं तोलून घातलं होतं, किलोला दहा ग्रॅमच्या हिशेबानं. करी उत्तम झाली होती. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी ती खाल्ली, मान डोलावली, आणि मग विचारलं, ‘तू चाखलीस का?’ तो ‘नाही’ म्हणाला. चाखण्याच्या रकान्यातले सगळे गुण गेले. मी शब्द टाकून पाहिला, उपयोग झाला नाही. पुढे तो मुलगा त्या धंद्यात राहिला नाही.

टीव्हीवर स्वयंपाक आला तो मात्र या साच्यातून आला नव्हता. झी टीव्हीवर १९९३ मध्ये ‘खाना खजाना’ सुरू झालं आणि पुढे संजीव कपूर घराघरांत पोचले. एका भागात चिकन, दुसऱ्यात भरली भेंडी, कुणाला त्यात काही खटकायचं नाही. तरला दलाल यांचं शाकाहारी पदार्थांचं पहिलं पुस्तक १९७४ मध्ये आलं होतं, पुढे त्याही पडद्यावर आल्या. मराठीत ‘आम्ही सारे खवय्ये’मध्ये प्रशांत दामले गप्पा मारायचे आणि एखादी काकू निवांत आळूवडी वळायची. या कार्यक्रमांत शाकाहारी असणं ही बातमी नव्हती. पदार्थ बघणाऱ्या बाईला घरी करायचा होता, ती आपल्या घराप्रमाणे घेणार किंवा सोडणार.

स्पर्धा आली आणि हे बदललं. ‘मास्टरशेफ’ बीबीसीवर १९९० मध्ये सुरू झालं, २००९ ला ऑस्ट्रेलियात गेलं, आणि २०१० च्या ऑक्टोबरात अक्षय कुमारला घेऊन स्टार प्लसवर उतरलं. स्पर्धा म्हटली की कुणीतरी घरी जायला हवं आणि त्याआधी त्याची कोंडी दिसायला हवी. शाकाहारी माणूस या कामाला सोयीचा होता. त्याच्यापुढे कोंबडी ठेवा, कॅमेरा चेहऱ्यावर न्या, संगीत चढवा. रडला तर दृश्य मिळालं. हात लावला तर ‘त्यानं स्वतःवर मात केली’ असं दृश्य मिळालं. दोन्हीकडून कार्यक्रमाचा फायदा. परदेशातल्या तगून राहण्याच्या खेळांत तर हे उघडच होतं. ‘सर्व्हायव्हर’चा ऑस्ट्रेलियातला हंगाम २००१ मध्ये दाखवला गेला. त्यात किमी कॅपनबर्ग या शाकाहारी बाईपुढे खाण्याच्या शर्यतीत गाईचा मेंदू आला आणि तिनं नकार दिला. पुढे छावणीतल्या कोंबड्यांवरून तिचं मोठं भांडण झालं आणि आजही ती त्या भांडणासाठीच ओळखली जाते.

२०१५ साली एकाच वर्षात दोन टोकं पाहायला मिळाली. अमेरिकेच्या ‘मास्टरशेफ’च्या सहाव्या हंगामात हेतल वासवडा ही शाकाहारी गुजराती मुलगी गॉर्डन रॅमसेपुढे उभी राहिली. मांस रांधायची, पण तोंडात घालायची नाही. बरीच पुढे गेली, नंतर तिनं गोड पदार्थांचं पुस्तकही लिहिलं. आणि इकडे ‘मास्टरशेफ इंडिया’नं चौथा हंगाम सगळाच्या सगळा शाकाहारी केला. अबुधाबीची निकिता गांधी जिंकली.

त्या हंगामाबद्दल माझं मत आजही दुभंगलेलं आहे. शिक्षिका म्हणून मला आनंद झाला होता. इतके आठवडे मांसाशिवाय स्पर्धा रंगते, भाजी ताटाच्या मध्यावर येते, हे देशानं पाहिलं. पण मी मालवणची बाईसुद्धा आहे. ‘इंडिया’ नावाच्या स्पर्धेत सोलकढीचा हक्काचा जोडीदार नाही, नागपूरचं सावजी नाही, कोल्हापूरचा पांढरा रस्सा नाही, हे मला लागलं. महानिबंधकांच्या २०१४ च्या पाहणीत देशातले शाकाहारी साधारण २९ टक्के निघाले होते. राजस्थानात जवळजवळ ७५, गुजरातेत ६१, महाराष्ट्रात ४० च्या आसपास. आणि वर्ष कोणतं, तर मार्चमध्ये महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदी लागू झाली, सप्टेंबरात पर्युषणाच्या निमित्तानं मुंबईतल्या मांसविक्री बंदीवरून रान पेटलं. त्या हवेत एका वाहिनीनं मांसाचं नावच ताटातून काढणं हे अनेकांना निव्वळ पाककलेचं वाटलं नाही. त्यांना मी दोष देत नाही. शाकाहाऱ्याला स्पर्धेत मान द्यायचा म्हणजे बाकीच्यांना दाराबाहेर ठेवायचं, हा मार्ग मला पटत नाही.

या सगळ्या वर्षांत एक शाकाहारी मात्र मला पडद्यावर कधी भेटला नाही, तो म्हणजे आपला महाराष्ट्राचा. टीव्हीवरचा शाकाहारी जन्मानं शाकाहारी असतो, बहुतेक व्यापारी किंवा ब्राह्मण घरातला, आणि घरात मांसाचा वासही नसलेला. आपल्याकडे तसे आहेतच, पण त्यापलीकडे किती तऱ्हा आहेत! आमचे वडील सोमवार पाळायचे, आत्या गुरुवार, शेजारचे कोळी काका संकष्टी. श्रावण लागला की सगळी चाळ वरणभातावर यायची. गावाकडे मराठ्याच्या, धनगराच्या घरात एक जण वारीला जाऊन माळ घालून येतो आणि जन्माचं मटण सोडतो. त्याच घरात पोरांसाठी रस्सा शिजतो, पण अंगणात, तीन दगडांच्या चुलीवर. माळकऱ्याचं पातेलं वेगळं, पंगत एकच. कुणी कुणाला बाटवत नाही, कुणी कुणाला हिणवत नाही. माझा सोलापूरचा विद्यार्थी अशा घरातला होता. त्याच्या आईनं त्याच्यासमोर बोकड रांधला होता आणि त्याला त्याचं काही वावडं नव्हतं. त्याला फक्त खायचं नव्हतं. टीव्हीला हा माणूस मांडताच येत नाही, कारण त्याच्यात झगडा नाही.

आणि चाखण्याचं म्हणाल, तर ‘न चाखता रांधता येत नाही’ हा आक्षेप मला आपल्या बायकांचा अपमान वाटतो. गणपतीत नैवेद्याचा स्वयंपाक चाखत नाहीत. वरण, भात, दोन भाज्या, चटणी, कोशिंबीर, मोदकाचं सारण, कशाचाही कण जिभेला लागू द्यायचा नाही, आधी देवाला. माझी आजी तीसेक माणसांचं असं रांधायची आणि मीठ चुकलेलं मला आठवत नाही. मीठ ती मुठीनं घ्यायची. पण ती मूठ डाळ किती भिजली आहे ते पाहून कमीजास्त होत असे. सारणात गूळ पुरे झाला की नाही ते कढईच्या कडेला पाक कसा धरतो त्यावरून ठरवायची. कोकणात काही घरांत गौरीला तिखटाचा नैवेद्य असतो, म्हणजे मटण किंवा खेकडे. तोही न चाखताच होतो. तेव्हा ही विद्या शाकाहाऱ्यांचीही नाही आणि मांसाहाऱ्यांचीही नाही. मोठ्या पंगतीचे आचारी हेच करतात. माटुंग्याला रामा नायकांचं उडुपी बोर्डिंग १९४२ पासून चालू आहे. तिथला सांबार रोज सारखा लागतो, ते दर घडीला कुणी चमचा बुडवतं म्हणून नव्हे. माप, वास, हात आणि रोजचा सराव यांवर तो उभा असतो.

माझी तक्रार टीव्हीवरच्या त्या स्पर्धांच्या नियमांबद्दलही आहे. पहिल्या दिवशी सांगावं की इथे मांस रांधावं लागेल, किंवा सांगावं की ज्याला नको त्याला तितकाच अवघड दुसरा घटक मिळेल, आणि तो कोणता हेही ठरवून ठेवावं. पनीर हे माशाला उत्तर नाही. ते चुकायला वावच ठेवत नाही. मासा पुढे असताना कुणाला न्याय्य पर्याय द्यायचा असेल तर सुरण द्या. नीट सोलला-शिजवला नाही तर घसा धरतो, चिंच किंवा आमसुलाचा आंबटपणा कमी पडला तर लपत नाही, जास्त शिजला तर गिचका होतो. किंवा फणसाची कुयरी द्या, हाताला तेल लावून चीक सांभाळत चिरू दे. मग कुणीही ‘सवलत’ म्हणणार नाही.

सोलापूरच्या मुलाच्या त्या परीक्षेनंतर मी माझ्या वर्गात वर्षाला एक प्रॅक्टिकल असं घ्यायला लागले की चमचे काढून ठेवायचे आणि कुणीच काही चाखायचं नाही. पदार्थ ज्याचा त्यानं निवडायचा. एका वर्षी वर्सोव्याच्या कोळी मुलीनं बोंबलाचं कालवण केलं, कच्छी मुलानं कढी, जळगावच्या पोरीनं शेवभाजी. जे नेहमी हुशार म्हणून पुढे असत, त्यांचे पदार्थ आळणी झाले, कारण त्यांना चार वेळा चाखून सुधारायची सवय होती. कालवणात आगळ नेमकं पडलं होतं. कढी फुटली होती, पण मीठ बरोबर होतं, आणि ती का फुटली हे त्या मुलानं न विचारता सांगितलं: ताक फार आंबट होतं, हे वासावरून कळलं होतं, तरी बेसन वाढवायला तो विसरला. त्याला मी कोळी मुलीइतकेच गुण दिले, आणि त्यावर वर्गात तासभर वाद झाला.