मरिया (मरयम) : बायबल व कुरआन यांतील चित्रण

मरिया (मरयम) : येशू ख्रिस्ताची (ईसाची) माता. ख्रिस्ती व इस्लाम या दोन्ही धर्मांत पूज्य. कुरआनात नावानिशी उल्लेख झालेली ही एकमेव स्त्री असून १९ व्या सूरहला तिचेच नाव आहे. कुमारी असताना ईश्वरी आज्ञेने तिला पुत्र झाला, याबाबत दोन्ही ग्रंथांचे एकमत आहे. या दोन कथा वेगळ्या पडतात त्या मुख्यतः तिच्या सोबतीला कोण होते, या मुद्द्यावर.

लूकच्या शुभवर्तमानात ती प्रथम भेटते ती नासरेथमध्ये, योसेफाशी लग्न ठरलेली तरुणी म्हणून. गब्रीएल देवदूत तिला पुत्रजन्माची वार्ता देतो. तिचे आईवडील व बालपण यांविषयी नवा करार काहीच सांगत नाही. मत्तयाने हीच हकीकत योसेफाच्या बाजूने सांगितली आहे : वाग्दत्त वधू गरोदर असल्याचे कळताच तो तिला गुपचूप सोडण्याचे ठरवतो, पण स्वप्नातल्या देवदूताचे ऐकून तिला घरी आणतो. लोकनिंदेचा प्रश्न असा घरातल्या घरात मिटतो. पुढे बेथलेहेमची गव्हाण, मिसरला पलायन, काना गावातील लग्न, क्रूसाजवळ उभी असलेली आई, असे प्रसंग येतात. प्रेषितांच्या कृत्यांत शिष्यांबरोबर प्रार्थना करताना ती शेवटची दिसते.

कुरआनातील कथा तिच्या जन्माआधीच सुरू होते. इमरानची पत्नी पोटातले मूल ईश्वराच्या सेवेला वाहण्याचा नवस बोलते, आणि होते मुलगी (सूरह ३). पैगंबर जकरिया तिचा सांभाळ करतात. ते मिहराबात (तिच्या प्रार्थनाकक्षात) येतात तेव्हा तिच्यापाशी अन्न आधीच असते. कुठून आले विचारता ‘अल्लाहकडून’ असे ती सांगते. योसेफ या कथेत नाहीच. प्रसूतीच्या कळा तिला एकटीलाच खजुरीच्या बुंध्याशी आणतात. याआधीच मेले असते तर बरे, असे ती म्हणते. तेव्हा खालून आवाज येतो : दुःख करू नकोस, पायाशी झरा आहे, झाड हलव, ताजे खजूर पडतील. बाळ घेऊन ती लोकांत परतते तेव्हा आळ घेणाऱ्यांपुढे ती मौन पाळून बाळाकडे बोट दाखवते. पाळण्यातले मूल बोलू लागते. बाजू घ्यायला नवरा नसलेल्या आईची कैफियत मुलानेच मांडावी, ही रचना नाट्य म्हणूनही विलक्षण आहे. क्रूसावरील मृत्यू कुरआनाला मान्य नसल्याने क्रूसाजवळची आई तेथे नाही.

बालपणाची कथा मात्र ख्रिस्ती परंपरेला परकी नाही. बायबलबाह्य अशा याकोबाच्या आद्य शुभवर्तमानात (साधारण दुसरे शतक) मंदिरात वाढणारी व देवदूताच्या हातून अन्न घेणारी मरिया आढळते. जेरुसलेम–बेथलेहेम रस्त्यावर १९९२ मध्ये तिच्या नावाच्या पाचव्या शतकातील अष्टकोनी चर्चचे अवशेष उघडकीस आले. त्यात खजुरीच्या झाडाचे मोझेइक आहे आणि आठव्या शतकात तेथे मिहराबही (मुस्लिम प्रार्थनेची दिशा दाखवणारा कोनाडा) बांधला गेला. अर्थात कोणी कोणाकडून काय घेतले, याचा निकाल एवढ्यावरून लावता येत नाही.

तिच्या दर्जाबाबत मतभेद तीव्र आहेत. इफिसच्या धर्मपरिषदेने (४३१) तिला ‘ईश्वरमाता’ म्हणून मान्यता दिली. कुरआन तिला जगातील स्त्रियांत निवडलेली व सत्यनिष्ठ म्हणते. पण ती व तिचा पुत्र दोघेही अन्न खात असत, याची आठवण देऊन दोघांचे देवत्व नाकारते. एका आयतीत तिला ‘हारूनची बहीण’ म्हटले आहे. मोशेचा भाऊ हारून तर कित्येक शतके आधीचा, असा आक्षेप अरबस्तानातील नजरानच्या ख्रिस्ती लोकांनी पैगंबरांच्या हयातीतच घेतला होता. लोक पूर्वीच्या पैगंबरांची व सज्जनांची नावे ठेवत असत, असे मुहंमद पैगंबरांनी त्यावर सांगितल्याचे हदीसमध्ये आहे. ती स्वतः पैगंबर होती काय, हा वाद मुस्लिम विद्वानांतही झाला. देवदूत तिच्याशी बोलला, या आधारावर कोर्दोबाच्या इब्न हज्मने (मृत्यू १०६४) होकार दिला. बहुतेकांनी तो मानला नाही.