मुलींची कुस्ती, अमेरिकेच्या हायस्कुलांतील

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत नववी ते बारावीच्या विद्यार्थिनींसाठी स्वतंत्रपणे चालवला जाणारा क्रीडाप्रकार. 1994 मध्ये हायस्कुलांत कुस्ती खेळणाऱ्या मुलींची नोंद देशभरात अवघी 804 होती; 2018-19 मध्ये ती 21,124 झाली आणि 2023-24 मध्ये 64,257 वर पोहोचली.

ही कुस्ती ‘फोकस्टाइल’ पद्धतीने, मॅटवर, बहुधा दोन-दोन मिनिटांच्या तीन फेऱ्यांत खेळली जाते. ऑलिंपिकमधील फ्रीस्टाइलच्या तुलनेत तिच्यात प्रतिस्पर्ध्याला खाली घेऊन ताब्यात ठेवण्यावर अधिक भर असतो आणि खाली सापडलेल्या मल्लाने पकड सोडवून घेतली तर त्यालाही गुण मिळतो. चीतपट ठरण्यासाठी दोन्ही खांदे दोन सेकंद मॅटला टेकलेले असावे लागतात, त्यामुळे पाठ लागताच निकाल देणाऱ्या मातीतल्या कुस्तीपेक्षा येथे दाब टिकवून धरण्याचे कसब मोलाचे ठरते.

सरकारी अनुदान घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना लिंगभेद करण्यास मनाई करणारा ‘टायटल नाइन’ हा कायदा 1972 मध्ये झाला. मात्र त्याखालील 1975 च्या नियमांनी अंगाला अंग भिडणाऱ्या खेळांतील मुलांच्या संघांत मुलींना घेण्याचे बंधन शाळांवर ठेवले नाही, आणि अशा खेळांत कुस्तीचा नावानिशी उल्लेख केला. परिणामी पुढची अनेक वर्षे कुस्ती खेळू पाहणाऱ्या मुलीला मुलांच्या संघात जागा मिळाली तरच, आणि तीही बहुधा मुलांशीच लढण्यासाठी, मॅटवर उतरता येई. 2011 मध्ये आयोवा राज्याच्या अजिंक्यपद स्पर्धेत प्रथमच दोन मुली पात्र ठरल्या, तेव्हा त्यांपैकी एकीच्या पहिल्या प्रतिस्पर्ध्याने धर्मश्रद्धेचे कारण देऊन लढण्यास नकार दिला आणि तिला न खेळताच विजयी घोषित करण्यात आले. जिंकूनही लढायला न मिळणे हा त्या मुलीवरील अन्यायच होता, आणि मुलींच्या वेगळ्या गटाची निकड त्यातून उघड दिसते.

वाढीचे खरे कारण या वेगळ्या गटाच्या मान्यतेत आहे. अमेरिकेत शालेय क्रीडास्पर्धा प्रत्येक राज्याची स्वतंत्र संघटना भरवते. तिने एखाद्या खेळाला मान्यता दिली की राज्य अजिंक्यपद, ठरलेले वजनगट आणि अधिकृत हंगाम मिळतो, तसेच शाळांना संघ उभारणे सोपे जाते. अशी मुलींची राज्यस्पर्धा प्रथम हवाईने 1998 मध्ये घेतली आणि त्यानंतर टेक्सासने. पुढे बराच काळ ही चाल मंद राहिली. 2018 नंतर मात्र राज्यामागून राज्य पुढे आले, आणि कुस्तीचे माहेरघर मानल्या जाणाऱ्या आयोवानेही 2022 मध्ये मान्यता दिली.

2004 मध्ये अथेन्स येथे महिला कुस्तीचा ऑलिंपिकमध्ये समावेश झाल्याने मुलींपुढे ध्येय उभे राहिले. मेरीलँडमध्ये शालेय वयात मुलांशी कुस्त्या खेळलेल्या हेलन मारूलिसने 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये 53 किलो गटात जपानच्या साओरी योशिदाला हरवून अमेरिकेला या प्रकारातील पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. टेक्सासच्या शालेय स्पर्धांतून घडलेली तमायरा मेन्सा-स्टॉक हिने टोकियो ऑलिंपिकमध्ये 68 किलो गटात सुवर्णपदक मिळवले.

शाळेनंतरची वाट मात्र दीर्घकाळ अरुंद राहिली. मिनेसोटा विद्यापीठाच्या मॉरिस येथील शाखेने 1993 मध्ये महिलांचा संघ काढला असला, तरी महाविद्यालयीन क्रीडांचे नियमन करणाऱ्या ‘एनसीएए’ या प्रमुख राष्ट्रीय संघटनेने महिला कुस्तीला अजिंक्यपद स्पर्धेचा दर्जा जानेवारी 2025 मध्ये दिला आणि पहिली स्पर्धा 2026 साठी ठरवली.