अनंताचा डांगी सोयरा

अनंत आपल्यापैकी पुष्कळांच्या अंगणात आहे. तो मूळचा चीनचा. त्याच्या कुळाला ‘गार्डेनिया’ हे नाव अठराव्या शतकात मिळाले, ते अमेरिकेत चार्ल्सटनला वैद्यकी करणाऱ्या अलेक्झांडर गार्डन या स्कॉटिश गृहस्थाच्या आडनावावरून. त्या मुलखाचे हे कूळ मूळचे नाहीसुद्धा! याच कुळातले ‘तियारे’ हे ताहितीचे मानाचे फूल. तेही मूळचे तिथले नव्हे; पॉलिनेशियन दर्यावर्दींनी पश्चिमेकडच्या बेटांवरून ते नावांतून नेले. त्याच्या कळ्या खोबरेल तेलात मुरवून ‘मोनोई’ करतात आणि ते अंगाला, केसांना चोळतात.

आपल्याला मात्र इतके लांब जायला नको. सुरतेच्या पूर्वेला डांगच्या जंगलात याच कुळातली डिकेमाली आहे. तिचेही फूल पांढरे उमलते, मग पिवळे पडते. पण बाजारात येतो तो तिचा डिंक. पालवीच्या कोंबांवर हिरवट-पिवळा चीक थेंबाथेंबाने साठतो. थेंबासकट कोंब मोडून आणतात. फूल सुवासिक, डिंक मात्र असा उग्र की पुडी उघडली की घरभर कळते. वैद्यांनी त्याला नाडीहिंगू म्हटले. बाळाला दात येताना, जंतांवर, पोटफुगीवर आजीच्या बटव्यातून तो निघे; गुरांच्या जखमेवर माशा बसू नयेत म्हणूनही लावत. (आज तान्ह्या मुलाला डॉक्टरांना विचारल्याखेरीज देऊ नये.) मुंबईच्या डायमॉकसाहेबाने एकोणिसाव्या शतकात आपल्या वनौषधींच्या ग्रंथात त्याची दखल घेतली.

इंग्रजांनी १८४० च्या दशकात भिल्ल राजांकडून डांगचे जंगल पट्ट्याने घेतले, ते सागासाठी. पुढे राज्ये भाषावार होताना डांगी बोली मराठीची की गुजरातीची, यावर दोन्हीकडून पुष्कळ शाई खर्च झाली आणि १ मे १९६० रोजी डांग गुजरातेत गेले. त्या वादात आपण हिरिरीने बोललो. डिकेमाली हा शब्द थोड्या फरकाने दोन्ही भाषांत आहे, हे कोणाच्या फारसे मनात आले नसावे. कोणता कोंब केव्हा मोडायचा हे जाणणारे कोकणा, वारली, भिल्ल. आपण पुडी विकत घेणारे.

त्या जाणतेपणाची गरज आता अधिक आहे. भाव मिळतो म्हणून झाडावरचे सगळेच कोंब ओरबाडले, तर फांदी वाढत नाही, फूल धरत नाही, आणि बी तर दूरच.