नदी मागे टाकत गेलेलं गाव

इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी बसवला. संस्थानाधिपती नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांनी धंद्याला पाठबळ दिलं आणि पंचगंगेकाठच्या या गावाची वस्त्रनगरी झाली. आमचं घरही मागाच्या कमाईवरच उभं राहिलं.

मागाला पाणी लागत नाही; ते लागतं कापडाला. ताण्याचं सूत तुटू नये म्हणून सायझिंगमध्ये त्याला खळ देतात आणि कापड झाल्यावर प्रोसेस कारखान्यात तीच खळ धुऊन काढतात. पुढे ब्लीच, कॉस्टिक, रंग. ही खळ नदीत गेली की जिवाणू तिच्यावर पोसतात आणि पाण्यातला प्राणवायू संपतो. मग सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड तयार होऊन कुजक्या अंड्यांसारखा वास सुटतो. सुतावर रंग नीट चढावा म्हणून घातलेलं मीठ तर तुरटीनं खाली बसत नाही, क्लोरीननं जात नाही. माझी आई उन्हाळ्यात नळाचं पाणी उकळायची. वास उडून जायचा. मचूळपणा मात्र तसाच राहायचा.

दोष एकट्या इचलकरंजीचा नाही. वरून कोल्हापूरचं सांडपाणी येतं, साखर कारखान्यांच्या मळीचं पाणी येतं. खाली तेरवाडच्या बंधाऱ्यावर मेलेल्या माशांचा खच अनेकदा पडला आहे. २०१२ मध्ये इचलकरंजीत दूषित पाण्यातून काविळीची मोठी साथ आली. काविळीच्या विषाणूला ना चव असते, ना वास. म्हणून पाणी गोड लागलं की निर्धास्त व्हावं, असंही नाही.

यावर शहरानं दर वेळी एकच उपाय शोधला : दुसरी नदी. कृष्णेवर मजरेवाडीला योजना झाली. पुढे वारणेचं पाणी दानोळीहून आणायचं ठरलं, तेव्हा तिथले शेतकरी आडवे आले. मग दूधगंगेची सुळकूड योजना निघाली. तिलाही कागल तालुक्यातून विरोध झाला. त्या शेतकऱ्यांचा राग मला रास्त वाटतो. दारातली नदी नासवून दुसऱ्याच्या नदीवर हक्क कसा सांगायचा?

आपण सोडून दिलेलं पाणी शिरोळ तालुक्यातल्या गावांच्या वाट्याला येतं. म्हणून पुढच्या योजनेआधी प्रत्येक प्रोसेस कारखान्याचं पाणी त्यातलं मीठही काढून शुद्ध व्हायला हवं. त्याचा खर्च कापडाच्या भावात धरावा. आजवर तो नदीकाठच्या माणसांनी सोसला आहे.